एकत्र कुटुंबाचं मोठं घर बांधताय? आधी पैशाची वरची रेघ मारा, चौरस फूट नंतर

दोन-तीन भाऊ, आई-वडील, मुलंबाळं मिळून बारा-पंधरा माणसांचं घर बांधायचं ठरलं की बहुतेक घरांत एकच क्रम दिसतो. आधी कोणीतरी म्हणतं सहा हजार फूट तरी पाहिजे, मग नकाशा काढून घेतात, मग ठेकेदाराला रेट विचारतात, रेट गुणिले फूट करतात आणि तो आकडा म्हणजे बजेट असं धरून भूमिपूजन उरकतात. पहिला स्लॅब पडेपर्यंत सगळं छान चालतं, दुसऱ्या स्लॅबनंतर पैसे संपतात आणि वरचा मजला प्लास्टरशिवाय वर्षानुवर्षं तसाच उभा राहतो. सांगली-साताऱ्यापासून नाशिक-लातूरपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावात फिरा, अशी घरं दिसतील. त्या घरांत मेहनत कमी पडलेली नसते, फक्त क्रम उलटा झालेला असतो. म्हणून खाली क्रमाने लिहितोय, महाराष्ट्रातलं गाव किंवा तालुक्याची जागा धरून. टप्पे मागेपुढे करू नका.

टप्पा १: जागा कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा

सातबारा, ८अ, किंवा गावठाणात असाल तर प्रॉपर्टी कार्ड, ताजा उतारा काढा आणि त्यावरची सगळी नावं मोठ्याने वाचा. वडिलांची किंवा आजोबांची जागा असेल तर बहिणींची, आत्यांची नावं असू शकतात, आणि नसली तरी हक्क असू शकतो, कारण २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. बँक असो की परवानगी देणारं ऑफिस, सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या मागणारच. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र रजिस्टर झालं पाहिजे, साध्या कागदावर सही घेऊन भागत नाही. आणि तिला सोडायचा नसेल तर तो तिचा अधिकार आहे, मग घराच्या आखणीत तिला धरून चला.

मोजणी आत्ताच करून घ्या. भूमी अभिलेख ऑफिसला अर्ज, फी, तारीख या सगळ्याला वेळ लागतो आणि कंपाउंडची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत दोन फूट गेली की पुढचं सगळं काम कोर्टाच्या तारखांवर चालतं.

शेतजमिनीवर बांधत असाल तर एनए चा, म्हणजे बिगरशेती वापराचा प्रश्न आधी सोडवा. तुमच्या गट नंबरला सध्या काय लागतं ते तलाठी-तहसीलमध्ये विचारा.

⚠️ सावध: जागा एका भावाच्या नावावर आणि पैसे तिघांचे, असं घर कधीच सुरू करू नका. आज सगळे एका ताटात जेवत असाल तरीसुद्धा. ज्याचं नाव कागदावर नाही त्याला होमलोनवरची टॅक्सची सवलत पण मिळत नाही, त्यासाठी माणूस सहमालक आणि सहकर्जदार दोन्ही असावा लागतो.

टप्पा २: आपसातलं लेखी करा

हा टप्पा लोक लाजेने सोडतात. भावाभावांत कसलं लिहून घ्यायचं म्हणतात. पण लिहिल्यामुळेच भाऊ भाऊ राहतात हे मी मनापासून सांगतोय. कागदावर इतकं तरी पाहिजे:

– कोण किती पैसे घालणार आणि कोणत्या महिन्यात
– कमी-जास्त घातले तर घरात हिस्सा समान की पैशाच्या प्रमाणात
– कर्जाचा हप्ता कोण भरणार, एखाद्याला दोन-तीन महिने जमलं नाही तर काय
– पुढे कोणाला वेगळं व्हायचं असेल तर त्याच्या वाट्याची किंमत कशी काढायची
– ठेकेदाराशी बोलणारा माणूस कोण आणि हिशेब ठेवणारा कोण (ही दोन माणसं वेगळी ठेवा)

वकिलाला दाखवून घ्या, मिळकतीचे हिस्से ठरवत असाल तर दस्त रजिस्टर लागतो. घरासाठी जॉइंट खातं उघडा, सगळ्यांचे पैसे आधी त्यात आणि सगळी बिलं त्यातूनच. एकाने सिमेंटचे रोख दिले, दुसऱ्याने स्टीलवाल्याला परस्पर फोनपे केलं, असं सहा महिने चाललं की कोणाचे किती गेले ते कोणालाच सांगता येत नाही आणि तिथून कुरबुर सुरू होते.

टप्पा ३: वरची रेघ

आता एकच आकडा काढायचा, यापेक्षा जास्त एक रुपया नाही असा. हातातली रक्कम, मोडता येण्यासारख्या एफडी, आणि झेपेल एवढं कर्ज. झेपेल एवढं म्हणजे बँक देईल एवढं नाही. बँक तिघांच्या पगारावर मोठी रक्कम मंजूर करेल, पण सहकर्जदारांपैकी एकाने हप्ता थांबवला तर बँक पूर्ण रक्कम उरलेल्या दोघांकडून वसूल करू शकते. म्हणून हप्ता असा धरा की एकाचं उत्पन्न थांबलं तरी काही महिने बाकीचे ओढू शकतील.

यात दागिने मोडून, पुढच्या उसाच्या बिलातून, द्राक्षाच्या पैशातून, असले आकडे धरू नका. आले तर आले, तेव्हा वरचा मजला वाढवता येतो. मुलीचं लग्न किंवा मुलाची फी दीड वर्षाच्या आत असेल तर ती रक्कम आत्ताच बाजूला काढा.

✔️ तपासा: आकडा ठरला की घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांसमोर बोलून दाखवा, बायकांसकट. ज्या आकड्यावर सगळे गप्प बसतात तो बहुतेक वेळा पटलेला नसतो, पुन्हा विचारा.

टप्पा ४: माणसं मोजून जागा काढा

इथे सगळ्यात जास्त पैसे वाचतात म्हणून जरा थांबून लिहितो.

प्रत्येकाची मागणी एकात एक मिसळत गेलं की घर फुगतं. त्यापेक्षा वही घ्या आणि आत राहणारी माणसं आणि त्यांचा दिवस लिहा. समजा आई-वडील, तीन भाऊ, तीन जावा, सहा मुलं, म्हणजे १४ माणसं. चार जोडप्यांच्या चार बेडरूम, मुलांच्या दोन, आणि एक पाहुण्यांची, म्हणजे ७. आता बेरीज करा, सगळं आतल्या मापाने:

– बेडरूम ७, प्रत्येकी १४×१२ → १,१७६ चौ. फूट
– संडास-बाथरूम ६, प्रत्येकी ८×५ → २४०
– हॉल २४×१६ → ३८४
– स्वयंपाकघर २०×१४ → २८०
– जेवायची जागा १६×१४ → २२४
– देवघर ८×८ → ६४
– भांडी-कपडे धुवायची जागा १०×८ → ८०
– कोठीची खोली १४×१० → १४०
– ओसरी २४×८ → १९२

बेरीज २,७८० झाली. त्यात भिंती, जिना, पॅसेज यांचे साधारण ३० टक्के धरा, म्हणजे ३,६०० च्या आसपास. १४ माणसं नीट, ऐसपैस राहतील असं हे घर आहे. आणि आपण सहा हजार म्हणत होतो. मधले २,४०० फूट २,००० रुपये रेटने ४८ लाखांचे होतात आणि ते जातात कशात तर डबल हाइट हॉल, दर मजल्यावर परत एक लिव्हिंग, कोणी न बसणाऱ्या बाल्कन्या आणि वर्षातून दोनदा उघडणाऱ्या गेस्टरूम. शिवाय ते आयुष्यभर झाडायचे-पुसायचे.

काटकसर कुठे करायची नाही ते पण सांगतो. स्वयंपाकघर आणि सकाळची वेळ. १४ माणसांच्या घरात सकाळी सहा ते आठ बाथरूमला रांग, गरम पाण्याला रांग आणि ओट्यापाशी एकावेळी तीन बायका. ओटा एकच लांब न करता समोरासमोर दोन घ्या, मधे चार फूट तरी जागा सोडा म्हणजे एकीने खाली वाकून डबा काढला तरी दुसरीला मागून जाता येईल. दोन सिंक घ्या, एक भाज्या-तांदळाचं आणि एक उष्ट्या भांड्यांचं. ओट्याची उंची, गॅस कुठे, मिक्सरचे पॉइंट कुठे हे तिथे रोज उभ्या राहणाऱ्या बायकांनीच ठरवायचं, जमिनीवर खडूने आखून त्यांना प्रत्यक्ष उभं करून बघा. नकाशावर सगळंच मोठं दिसतं.

अजून काही गोष्टी ज्या नंतर करता येत नाहीत:

आई-वडिलांची खोली खालीच, बाथरूम लागून, दार तीन फुटी, उंबरा नको. लिफ्ट आत्ता परवडत नसेल तरी जिन्याशेजारी पाच बाय पाचची जागा सोडा, तोपर्यंत तिथे कपाट करा. वरच्या मजल्यावर बाहेरून जाणारा जिना शक्य असेल तर द्या, पुढे वेगळं राहायची वेळ आली तर भिंती न फोडता दोन घरं होतात. बाथरूम एकावर एक आले पाहिजेत, नाहीतर पाइप हॉलच्या छतातून फिरतात आणि गळती शोधता शोधता जीव जातो.

पाणी माणशी दिवसाला १३५ लिटर धरा, १४ जणांचे १,८९०. दोन दिवसाआड नळ येत असेल तर जमिनीखालची टाकी सहा हजार लिटरच्या खाली नको. गच्चीवरची टाकी किती लिटरची ते स्ट्रक्चरल इंजिनियरला आधी सांगा, कारण हजार लिटर म्हणजे एक टन वजन.

टप्पा ५: आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनियर, परवानगी

वही घेऊन आर्किटेक्टकडे जा, आणि पहिल्याच भेटीत वरची रेघ सांगा. लोक बजेट लपवतात, मग तो त्याच्या मनाने काढतो.

स्ट्रक्चरल इंजिनियर वेगळा पाहिजे. सळईचं डिझाइन सेंट्रिंगवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप आपल्याच राज्यातला आहे, कॉलमच्या रिंगांचे हुक १३५ अंशात आत वळवलेले पाहिजेत, ९० अंशात नुसते दुमडलेले नाही. आणि वरचा मजला पाच वर्षांनी बांधणार असाल तरी पाया आणि कॉलम आत्ताच पूर्ण घराचे डिझाइन करून घ्या.

परवानगीचं बघा. ग्रामीण भागात ३,२०० चौ. फुटांपर्यंतच्या घराला प्रक्रिया सोपी केलेली आहे, त्यावर गेलात की नगररचनेकडून रीतसर मंजुरी. आपलं ३,६०० चं घर त्यावर जातं. नगरपालिका हद्दीत तर पालिकेकडे अर्ज करावाच लागतो. बाजूला किती जागा सोडायची, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते) किती, हे युनिफाइड डीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीत आहे, आर्किटेक्टकडून तुमच्या प्लॉटपुरतं लिहून घ्या.

⚠️ सावध: मंजूर नकाशा एक आणि बांधकाम वेगळंच, हे करू नका. बँकेचा माणूस टप्प्याटप्प्याला साइटवर येतो आणि नकाशाशी जुळलं नाही तर कर्जाचा पुढचा पैसा अडतो, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्रही.

टप्पा ६: अंदाजपत्रक, रेट गुणिले फूट सोडून

ठेकेदार जो चौरस फुटाचा रेट सांगतो त्यात फक्त घराचा डबा येतो. त्याच्या बाहेरच्या गोष्टी वेगळ्या मांडा. मांडणी कळावी म्हणून उदाहरणाचे आकडे टाकतो, तुमच्या गावचे रेट काढून तिथे तुमचे आकडे भरा:

– घर ३,६०० × २,००० → ७२ लाख
– काळ्या मातीमुळे जास्तीचा पाया → ३ लाख
– कंपाउंड २४० फूट × १,५०० → ३.६ लाख
– बोअर, टाक्या, सेप्टिक टँक → ४ लाख
– आर्किटेक्ट, इंजिनियर, परवानगीच्या फिया, १ टक्का कामगार उपकर → ४.५ लाख
– किचन ट्रॉल्या, कपाटं, फर्निचर → ८ लाख
– थ्री फेज कनेक्शन, इन्व्हर्टर, सोलर → ४ लाख
– गेट, पेव्हर, पार्किंग → ३ लाख

डब्याबाहेरचं ३०.१ लाख झालं. एकूण १०२.१, त्यावर १० टक्के राखीव, म्हणजे ११२ लाखांच्या वर. ७२ लाखांचं घर म्हणून जे बोलत होतो ते हे.

आता उलटं करा. तुमची वरची रेघ ९० लाख असेल तर आधी राखीव काढा, ९० ला १.१ ने भागलं की ८१.८ उरतात, त्यातून बाहेरचे ३० गेले, ५१.८ राहिले, भागिले २,००० म्हणजे साधारण २,६०० फूट. इतकंच आत्ता बांधायचं. खालचा मजला पूर्ण आणि वर दोन-तीन खोल्या, बाकी नंतर. फर्निचर पुढच्या वर्षावर टाकलं तर अजून थोडं वाढतं. असा हिशेब केला की अर्धवट घर राहत नाही, छोटं पण पूर्ण घर होतं आणि त्यात राहायला जाता येतं.

मालाचा ढोबळ अंदाज पण काढून ठेवा, फुटाला सिमेंट ०.४ गोणी आणि स्टील ४ किलो धरलं तर ३,६०० फुटांना १,४४० गोण्या आणि १४.४ टन. याचा उपयोग असा की भाव हलला की लगेच कळतं. गोणीमागे ३० रुपये वाढले तर ४३,२००, स्टील किलोमागे ५ रुपये वाढलं तर ७२,०००. राखीव रक्कम यासाठीच असते, टाइल्स भारीतल्या घ्यायला नसते. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे जुनं कोटेशन हातात असेल तर नवीन मागा.

✔️ तपासा: सोलर बजेटमध्ये धरताना पीएम सूर्यघरची सबसिडी जास्तीत जास्त ७८,००० आहे, ३ किलोवॅट आणि त्यावर. मोठ्या कुटुंबाचं एकाच मीटरवरचं वीजबिल वरच्या दराच्या टप्प्यात जातं, त्यामुळे १४ माणसांच्या घराला सोलर सोडू नका. गच्चीवर सावली न पडणारी जागा नकाशातच राखून ठेवा.

टप्पा ७: कर्ज आणि पैसे येण्याचा क्रम

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं. बाकी तुमचे, आणि ते आधी लागतात. बँक पैसे एकदम देत नाही, जोतं झालं, स्लॅब झाला, वीटकाम झालं असं बघून देते. म्हणजे काम आधी आणि बँकेचा पैसा मागून. मधल्या काळात मजूर थांबत नाहीत, स्टीलवाला थांबत नाही. तेव्हा पुढच्या एका टप्प्याची रक्कम खात्यात कायम दिसली पाहिजे, ती नसेल तर पुढचा टप्पा सुरूच करायचा नाही.

काम चालू असताना फक्त व्याज भरावं लागतं, ते आणि सध्याचं घरभाडं असेल तर तेही बजेटमध्ये धरा. एवढ्या घराला वर्ष ते दीड वर्ष लागतं.

टप्पा ८: ठेका

लेबर रेटवर द्यायचं की मालासकट, हे घरात रोज साइटवर थांबणारा माणूस आहे का यावर ठरवा. असेल तर लेबर रेट, माल तुमचा. स्वतंत्र एका घराच्या निव्वळ लेबर कामावर जीएसटी माफ आहे, मालासकट दिलं तर नोंदणी असलेला ठेकेदार १८ टक्के लावतो, म्हणून दोन कोटेशनची तुलना करताना हे धरून करा. कोणी नसेल तर मालासकट द्या पण सिमेंट, स्टील, वायर, पाइप, टाइल्स सगळ्यांचा ब्रँड आणि ग्रेड लिहून.

सगळ्यात जास्त भांडणं मापावरून होतात. चौरस फूट म्हणजे काय ते करारात पाहिजे. बाल्कनी पूर्ण धरणार की अर्धी, पोर्च, जिन्यावरची खोली, पाण्याची टाकी, पॅराफिट, सज्जे हे मापात की वेगळे. हे लिहिलं नाही तर ३,६०० चं घर शेवटच्या बिलात ४,३०० चं होतं.

पैसे टप्प्याने. एक चालणारी वाटणी: सुरुवातीला ५ टक्के, जोतं १५, पहिला स्लॅब २०, दुसरा स्लॅब २०, वीटकाम १०, प्लास्टर १०, प्लंबिंग-वायरिंग ५, फरशी ५, रंग आणि ताबा ५, आणि शेवटचे ५ एक पावसाळा जाऊन गळती नाही हे बघून. शेवटच्या पाचवर ठेकेदार कुरकुर करेल, तिथे हटू नका.

एका आर्थिक वर्षात एकाच ठेकेदाराला ५० लाखांवर दिले तर घरमालकाला टीडीएस कापून भरावा लागतो, १ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के. मोठ्या घरात हा आकडा सहज ओलांडतो, सीएला आधीच सांगून ठेवा.

⚠️ सावध: काम चालू असताना तोंडी बदल नको. "भाऊ, ही भिंत जरा इकडे घ्या" म्हटलं की शेवटी त्याचं बिल येतं. बदल वहीत, रक्कम लिहून, दोघांच्या सह्या, मग गवंडी भिंतीला हात लावेल.

टप्पा ९: खोदाई ते जोतं

दिवाळी झाली की खोदाई, हे देशावर सगळ्यात बरं. मे अखेर स्लॅब आटोपले तर पावसाळ्यात आतलं काम चालतं. मराठवाड्यात मात्र एप्रिल-मे मध्ये स्लॅब आला तर क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला टँकर घ्यावे लागतात, त्याचे पैसे वेगळे धरा.

प्लॉटवर दोन-तीन कोपऱ्यांत आधी चाचणीचे खड्डे घ्या. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाया तिच्यात थांबवला तर दोन वर्षांत भिंतींना तिरक्या भेगा पडतात. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जा, किती खोल ते इंजिनियर खड्डा बघून सांगेल. जोत्याच्या भरावात खोदलेली काळी माती परत टाकू देऊ नका, मुरूमच, थर देत, पाणी मारत, ठोकत. जोतं रस्त्यापासून अडीच फूट तरी वर, कारण दर डांबरीकरणाला रस्ता चढतो. वाळवीची फवारणी इथेच करायची असते.

✔️ तपासा: जोतं झालं की मंजुरीच्या अटीत असेल तर जोते तपासणी करून घ्या. पुढे गेल्यावर मागे येता येत नाही.

माल उतरताना पण एक माणूस टेप घेऊन पाहिजे. ब्रास म्हणजे १०० घनफूट. डंपर आला की आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची घ्या, १० फूट × ६.५ × ३ म्हणजे १९५, म्हणजे १.९५ ब्रास. मधे शीग आणि कडेला खड्डा असेल तर फावड्याने सपाट करून मगच उंची मोजा. सळई वजनावर घेताय ना, मग नग पण मोजा, १२ एमएमची १२ मीटरची एक सळई साधारण १०.७ किलो, १० एमएम ७.४, ८ एमएम ४.७. नग गुणिले वजन आणि काट्याची पावती जुळली पाहिजे.

टप्पा १०: स्लॅबचा दिवस

आदल्या दिवशी इंजिनियरने सळई बघून वहीत सही केली नसेल तर काँक्रीट बोलवूच नका. स्वतः पण वर चढा आणि वाकून बघा. खालची सळई प्लायवर टेकलेली दिसली तर थांबवा, तिच्याखाली २० एमएमचे कव्हर ब्लॉक पाहिजेत, खडीचा तुकडा सरकवलेला चालत नाही. वरच्या सळईला खुर्च्या (आधाराला वाकवलेले सळईचे तुकडे) पाहिजेत, नाहीतर मजूर घमेली घेऊन त्यावरून चालतात आणि दुपारपर्यंत ती खाली दबून जाते, मग ती असून नसल्यासारखी. विजेचे पाइप, पंख्याचे बॉक्स, बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब, सगळं नकाशा हातात धरून बघा.

काँक्रीट घट्ट वाटलं की मजूर पाणी ओततात, कारण ढकलायला सोपं जातं. त्याने ताकद जाते. मिक्सरपाशी घरचा एक जण दिवसभर बसवा, पाण्याचं माप इंजिनियरने सांगितलं तेवढंच. व्हायब्रेटर दोन ठेवा, एक बंद पडतोच. त्याच काँक्रीटचे १५ सेंटीमीटरचे क्यूब नमुन्याला भरून ठेवा, ७ आणि २८ दिवसांनी ताकदीची टेस्ट.

दुसऱ्या दिवसापासून आळी करून पाणी साठवा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या (राख मिसळलेल्या) सिमेंटला किंवा कडक उन्हात १० दिवस. आज बाजारात बहुतेक पीपीसीच मिळतं, म्हणून दहाच्या खाली येऊ नका, चौदा केलेत तर उत्तम. टेकू काढायची घाई सेंट्रिंगवाल्याला असते कारण त्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटला जायच्या असतात. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबला १४ दिवस, सहा मीटरवरच्या बीमला २१ दिवस, हे ठेक्यातच लिहा.

वरचा मजला नंतर बांधणार असाल तर कॉलमच्या उघड्या सळयांवर सिमेंटची स्लरी मारून कच्च्या काँक्रीटने झाका. पाच पावसाळे उघड्या राहिलेल्या गंजक्या सळयांवर मजला चढवायचा नाही.

टप्पा ११: भिंती, प्लास्टर, पाणी

प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप भिंतीला लावून, म्हणजे वायर आणि पाइप कुठून गेलेत ते कायमचं कळतं. प्लंबिंगला पाणी भरून प्रेशर देऊन रात्रभर ठेवा, सकाळी बघा. बाथरूममध्ये टाइल्सच्या आधी दोन दिवस पाणी तुंबवून खालचं छत बघा. एवढ्याशा गोष्टींनी पुढची तोडफोड टळते.

टाइल्स, नळ, लाइट यात बजेट हळूहळू निसटतं, कारण दुकानात गेल्यावर फुटामागे २० रुपयांचा फरक काहीच वाटत नाही. टाइल्सचं क्षेत्र ४,००० फूट धरा, लगेच ८०,००० झाले. म्हणून दुकानात जायच्या आधी प्रत्येक गोष्टीचा रेट ठरवून जा आणि दोघांपेक्षा जास्त जण जाऊ नका. गच्चीचं वॉटरप्रूफिंग मात्र स्वस्तात करू नका, कोब्याला उतार नीट आहे का ते बादलीभर पाणी ओतून बघा.

टप्पा १२: शेवटची बिलं आणि कागद

ताबा घ्यायच्या आधी ठेकेदारासोबत खोलीखोलीत फिरून राहिलेल्या कामांची यादी करा, दोघांच्या सह्या, मगच ताब्याचे ५ टक्के. प्रत्येक दार उघडून लावून बघा, प्रत्येक नळ सोडून बघा, प्रत्येक प्लगमध्ये चार्जर लावून बघा. १४ माणसं एकदा राहायला आली की ठेकेदाराला परत बोलवणं अवघड.

भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज लगेच करा. ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नवीन घराची नोंद, सगळ्या सहमालकांच्या नावाने, हिश्शासकट. वीजमीटर बांधकामाच्या कनेक्शनवरून घरगुतीवर बदलून घ्या. मग घराचा विमा. आणि सगळे नकाशे, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, भिंतींचे फोटो, क्यूब टेस्टचे रिपोर्ट, बिलं एका फाइलमध्ये, प्रत्येक भावाकडे एक-एक कॉपी.

रोखून ठेवलेले शेवटचे ५ टक्के पुढच्या दिवाळीला द्यायचे. त्याआधी एकदा मुसळधार पाऊस चालू असताना गच्चीच्या खालच्या सगळ्या खोल्यांत, खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यात आणि बाथरूमच्या मागच्या भिंतींवर हात फिरवून बघा, ओल लागली तर फोटो काढून तारखेसकट ठेकेदाराला पाठवा आणि दुरुस्ती होईपर्यंत पैसे खात्यातच राहू द्या.